आपले दूध नवी मुंबईला जाते तेव्हा



रोज पहाटे आणि सांजेला आपण किटली घेऊन सोसायटीच्या दारात उभे राहतो. लिटर मोजले जातात, फॅट लागते, चिठ्ठी हातात पडते आणि आपण घरी परततो. त्या दुधाचे पुढे काय होते, ते कोणाच्या घोटात जाते, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. खेडोपाडी हिंडून लोकांना शेतीच्या चार गोष्टी सांगण्यात माझी उभी नोकरी गेली. पण माझ्याही मनात तो कधी आला नव्हता. यंदा श्रावणात मला नवी मुंबईला जावे लागले, आणि दुधाची ती वाट मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. त्या प्रवासाची हकिगत तुम्हाला सांगतो. तीत माझी स्वतःची एक चूक आहे. ती लपवली तर सांगण्यात काही अर्थच राहणार नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कराडच्या बाजूला. घरी चंद्री नावाची संकरित गाय आहे. तिसरे वेत, दोन वेळचे मिळून सोळा लिटर दूध. आषाढातल्या चिखलात तिच्या मागच्या उजव्या सडाला दगडी झाली. कास दगडासारखी घट्ट, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम, आणि धारेत दह्यासारख्या गुठळ्या. पुस्तकात याला कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. पण 'दगडी' या आपल्या शब्दात सगळे लक्षण आले.

आता चूक ऐका. कपाटात मागच्या वेळच्या दोन ट्यूबा उरल्या होत्या. डॉक्टरांना बोलवायचे सोडून मीच त्या दोन वेळा सडात सोडल्या. सूज उतरली, दूध साफ दिसू लागले आणि मी औषध थांबवले. एवढ्यावर भागले नाही. औषध एकाच सडात आहे, बाकीच्या तीन सडांचा काय दोष, असे म्हणून त्या तिघांचे दूध मी त्याच सांजेला सोसायटीत घातले.

त्यातलेच लिटरभर दूध घरात ठेवले होते. मंडळींनी रात्री विरजण लावले. सकाळी पाहतात तो दूध जसेच्या तसे, गोड. भांडे माझ्यापुढे ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, हे औषधाचं दूध डेअरीत घातलंत का?"

विरजण म्हणजे तरी काय? तेही जंतूच, पण आपल्या उपयोगाचे. गाईच्या सडातले जंतू मारायला सोडलेले औषध दुधात उतरले, की ते विरजणाच्या जंतूंनाही मारते. एका सडात सोडलेले औषध रक्तावाटे बाकीच्या सडांतही थोडेफार उतरते, हे मी शिकलो होतो. पण पाच-सहा लिटरचे पैसे डोळ्यांपुढे आले, की शिकलेले आठवत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तीन आठवड्यांनी दगडी उलटली. या वेळी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी त्याच जातीच्या औषधाचा पूर्ण डोस दिला, पण गुण येईना. तेव्हा त्यांनी दुधाचा नमुना शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पाठवायला लावला. कागद आला तो असा : जंतूचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि खाली औषधांची यादी. काही औषधांपुढे 'एस' हे अक्षर, म्हणजे हे औषध या जंतूवर चालते. काहींपुढे 'आर', म्हणजे चालत नाही. पेनिसिलिनपुढे 'आर' होता. चालणारे औषध दिल्यावर गाय वाचली. पण तो सड कायमचा बंद पडला.

हे होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच नेरुळहून लेकीचा फोन आला. चार वर्षांच्या नातीला ताप होता. उतरायचे नाव नाही म्हणून दवाखान्यात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघालो.

खंबाटकीचा घाट उतरून गाडी शिरवळला आली तेव्हा चंद्रीचा तो कागद माझ्या पिशवीतच होता. पुढे स्वारगेटला गाडी बराच वेळ थांबली आणि मग पिंपरीवरून मुंबईच्या रस्त्याला लागली. या पिंपरीला आपल्या विषयात मोठे स्थान आहे. स्वतंत्र भारताने पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला हातभार लावला. त्याआधी न्यूमोनियाने, चिघळलेल्या जखमेने, बाळंतपणातल्या तापाने माणसे पटापट जात. आपल्या आजी-पणजीच्या काळातल्या अशा गोष्टी प्रत्येक घरात आहेत. हे औषध आले आणि त्यातले कितीतरी मरण टळले.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लावला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना त्याच फ्लेमिंगसाहेबांनी इशारा दिला होता, की हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत. उलट ते औषधाला दाद न देणारे होतील. म्हणजे माझ्या गोठ्यात जे घडले ते ऐंशी वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेले होते.

तुम्हाला हे समजणे अवघड नाही. पिकावर अर्धवट मात्रेची फवारणी केली, की मऊ किडी मरतात आणि चिवट तेवढ्या उरतात. पुढची पिढी त्या चिवटांची. दोन-चार हंगामांत तेच औषध पाण्यासारखे होते. कासेतल्या कोट्यवधी जंतूंचेही असेच. फरक एवढाच, की किडीची पिढी तयार व्हायला काही आठवडे लागतात. जंतूची अर्ध्या-पाऊण तासातही होते. शिवाय जंतू औषधाला तोंड देण्याचा गुण आपल्या शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. गाईच्या पोटातला जंतू आणि माणसाच्या पोटातला जंतू यांच्यामध्ये कुंपण नाही.

सांजेला गाडी घाट उतरून कळंबोली, खारघर करीत नेरुळला आली. नवी मुंबई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर वसले आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली. जेथे भाताची खाचरे आणि मिठागरे होती तेथे आता सेक्टर आहेत. माणसे पत्ता सांगताना आळीचे नाव सांगत नाहीत, सेक्टरचा आकडा सांगतात. ही जमीन सुखासुखी गेली नाही. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या बाजूला झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. शहरातून हिंडताना आपण कोणाच्या तरी शेतावरून चालतो आहोत, हे आपल्यासारख्याने विसरू नये.

स्टँडवरून थेट दवाखान्यात गेलो. नात मलूल पडली होती. हाताला सुई लावलेली. मला पाहून हसली, एवढेच. लेक म्हणाली, "अण्णा, पहिलं औषध लागूच पडलं नाही. आज तपासणीचा कागद आलाय." तिने तो पुढे केला. लघवीत ई. कोलाय जातीचे जंतू सापडले होते. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे तेच अक्षर, 'एस' किंवा 'आर'. निम्म्याहून जास्त ठिकाणी 'आर'.

वाचकहो, मी पिशवीतून चंद्रीचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. जंतू निराळे, कागद निराळे. पण अक्षर एकच. अंगावर काटा आला.

बालरोगतज्ज्ञ बाई शांत स्वभावाच्या होत्या. मी त्यांना चंद्रीची गोष्ट सांगितली आणि भीतभीत विचारले, "हे आमच्यासारख्यांच्या दुधातून तर आलं नाही ना?" त्या म्हणाल्या, "तसं कोणी सांगू शकणार नाही. तुमच्या गाईचा जंतू वेगळा, हिचा वेगळा. दूध तापवलं की जंतू मरतात. असा जंतू पाण्यातून येतो, हातातून येतो, आणि आपल्याच घरातल्या अर्ध्या सोडलेल्या बाटल्यांतूनही तयार होतो." हे ऐकून लेकीने मान खाली घातली. गेल्या वर्षात दोनदा खोकल्यासाठी तिने डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून पातळ औषध आणून पोरीला दिले होते, आणि ताप उतरताच बंद केले होते. बाप गोठ्यात जे करीत होता तेच लेक स्वयंपाकघरात करीत होती! मी तिला काय बोलणार?

जाता जाता बाई एक गोष्ट म्हणाल्या ती मात्र मनात रुतली. "दूध तापवून जंतू मरतात, पण दुधात उतरलेलं औषध बहुतेक तसंच राहतं. पेनिसिलिनची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना ते थोडंसुद्धा बाधू शकतं." आपण ज्यांचे तोंडही पाहिलेले नाही अशी ती माणसे. माझ्या त्या सांजेच्या दुधाचा एक पेला त्यांच्यातल्या कोणाच्या हातात गेला असेल, कोण जाणे.

नवे औषध सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी नातीचा ताप उतरला. जिवाला जरा स्वस्थता आली, तेव्हा दुधाची वाट शेवटपर्यंत पाहावी असे मनाने घेतले. पहाटे चारला वाशीला गेलो. शहर झोपलेले असते, पण दूध जागे असते. कोल्हापूर जिल्हा संघाचे गोकुळ दूध साडेतीनशे किलोमीटरवरून टँकरने या वाशीत येते. अशा कितीतरी संघांचे दूध मुंबई आणि नवी मुंबईकडे रात्रभर धावत असते. पहाटे पिशव्यांनी भरलेले प्लॅस्टिकचे क्रेट टेंपोतून उतरतात, आणि सहा वाजेपर्यंत सेक्टरा-सेक्टरांतल्या दारांच्या कड्यांना पिशव्या लटकतात.

दूध तपासण्याच्या कामात असलेला एक ओळखीचा केमिस्ट तेथे भेटला. त्याने सांगितलेली रीत अशी. टँकर रिकामा करण्याआधी नमुना काढतात. फॅट, आंबटपणा, भेसळ यांच्याबरोबर औषधाचा अंश पाहण्याची पट्टी असते. काही मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही. अंश मर्यादेबाहेर निघाला तर सबंध टँकर नाकारावा लागतो. म्हणजे एका गोठ्यातली किटली चाळीस लिटरच्या कॅनमध्ये, कॅन शीतकरण केंद्राच्या टाकीत, टाकी टँकरमध्ये. आणि काही जणांच्या चुकीपायी शेकडो घरांच्या कष्टाचे दूध परत! अंश मर्यादेच्या आत राहिला तर दूध पुढे जाते, पण म्हणून आपली चूक चूक राहत नाही असे नाही.

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला. आकडा लहान आहे आणि बहुतेक दूध चांगले निघाले, ही आपल्या सर्वांच्या प्रामाणिकपणाची पावती आहे. पण ते ७७ नमुने कोणत्या तरी गोठ्यातून निघाले होते. माझ्यासारख्याच एखाद्याच्या.

परतण्याच्या आदल्या दिवशी जावयांच्या कारखान्यातले एक सोबती मला घणसोलीला त्यांच्या घरी घेऊन गेले. ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलने नेरुळहून फारसा वेळ लागत नाही. बाहेर उंच इमारती. आत जुने गावठाण, कौलारू घरांच्या जागी उठलेली तीनमजली घरे, आणि त्यांच्या मागे एका पत्र्याखाली दोन म्हशी! त्यांचे वडील ऐंशीच्या घरातले. भातशेती गेली, पण म्हशी त्यांनी सोडल्या नाहीत.

सांजेची धार काढायला बाबा बसले. आधी हात धुतले, मग कास धुऊन फडक्याने कोरडी केली. प्रत्येक म्हशीला वेगळे फडके. पहिल्या दोन-तीन धारा त्यांनी एका काळ्या फरशीच्या तुकड्यावर सोडल्या आणि तो तुकडा उजेडात धरून न्याहाळला. मी विचारले, तेव्हा म्हणाले, "गुठळी आली तर इथंच दिसते. बादलीत गेल्यावर काय दिसणार?" मग मुठीने धार काढली, अंगठा मुडपून नाही. धार होताच म्हशींपुढे हिरवा चारा टाकला. का? तर त्या लगेच बसू नयेत म्हणून. धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा-पाऊण तास उघडे असते. जनावर तेवढ्यात शेणात बसले की जंतू आत शिरलाच.

मी बी. एस्सी. ॲग्री. झालेला माणूस. हे सगळे मला तोंडपाठ होते. बाबा ते रोज करीत होते.

तर बंधूभगिनींनो, या प्रवासातून मी जे घेऊन आलो ते तुमच्यापुढे ठेवतो. दगडीवरचा पहिला उपाय औषधाचा नाही, कोरड्या गोठ्याचा आहे. बाबांसारखी पहिली धार काळ्या फरशीवर किंवा काळ्या कापडावर पाहा. धार झाल्यावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. निरोगी जनावराची धार आधी, आजारी जनावराची शेवटी. दगडीचे दूध गोठ्यात सांडू नका. पुष्कळदा रोग छुपा असतो. कास मऊ, दूध स्वच्छ, आणि तरी दूध घटत जाते. ते ओळखायला कॅलिफोर्निया चाचणी आहे : दुधात तितकेच द्रावण मिसळून हलवले की रोगाचे दूध लिबलिबीत होते. आपल्या संघाकडे किंवा दवाखान्यात ती मागा.

दगडीची सुरुवात असेल तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सांगितलेला एक घरगुती लेपही आहे : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि खायचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून, थोडा थोडा पाण्यात पातळ करून दिवसातून दहा वेळा, पाच दिवस कासेला लावायचा, दर वेळी कास धुऊन. पण जनावराला ताप असेल, त्याने चारा सोडला असेल, दूध रक्ताळ किंवा पाण्यासारखे येत असेल, तर लेपाची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

आणि औषध सुरू झाले, की दोन गोष्टी दगडावरच्या रेघेसारख्या पाळा. पहिली, डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध पुरे करा. सूज उतरली म्हणून थांबवू नका, आणि उरलेली ट्यूब कपाटात ठेवू नका. दुसरी, औषध चालू असताना आणि ते संपल्यावरही डॉक्टर सांगतील किंवा वेष्टनावर लिहिले असेल तितके दिवस चारही सडांचे दूध डेअरीत घालू नका. ते वासरालाही पाजू नका. त्याच्या पोटात पुन्हा तीच चिवट जात तयार होते. खड्ड्यात ओता. जीव हळहळेल, मला ठाऊक आहे. पण दगडी फिरून आली आणि सड बंद पडला, तर त्या सडाचे दूध पुढच्या सगळ्या वेतांत गेले.

नातीला घरी सोडून मी गावी परतलो. दुसऱ्या दिवशी सोसायटीत गेलो आणि सचिवांना त्या सांजेच्या दुधाची गोष्ट खरी खरी सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, असं करणारे तुम्ही एकटे नाही. पण सांगणारे पहिले." आता आमच्या सोसायटीच्या दारात एक फळा आहे. ज्याच्या जनावराला औषध चालू आहे त्याने आपले नाव आणि दूध बंद ठेवण्याचे दिवस तेथे स्वतःच्या हाताने लिहायचे. लाज वाटण्याचे कारण नाही, कारण पहिल्या ओळीत नाव माझे होते.

तुमच्या सोसायटीच्या भिंतीवर असा फळा लावायला खडूचा खर्च तेवढा येईल. लावून पाहा.